टोपलीतला हीटर

"अक्काआजी, माझे मोजे ओले झाले," जुई म्हणाली.

"गार पाण्याने की गरम?" मी विचारलं.

तिने पायाची बोटं हलवून पाहिली. "कोमट."

"म्हणजे प्रगती आहे," बॉनेटच्या आडून अच्युतचा आवाज आला. "काल गार होतं."

अच्युत माझा धाकटा भाऊ. जुई त्याची नात. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि नाताळच्या सुट्टीत आईबरोबर पुण्याहून नाशिकला आली होती. ज्या गाडीत बसून ती मोजे भिजवत होती, ती अच्युतची जुनी स्पोर्ट्स कार. इंग्लंडात बनलेली, गर्द हिरवी, दोनच माणसांची. तो तिला राणी म्हणायचा. मी टोपली म्हणायचे, कारण तिच्यात माणसांपेक्षा वाऱ्याची सोय जास्त होती. छत कापडाचं. दारांना काचांऐवजी कापडी पडदे. पायाशी तर इतकी भोकं, की चालत्या गाडीतून खालचा रस्ता दिसायचा आणि अच्युत तेही कौतुकाने दाखवायचा.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी जुन्या गाड्यांच्या मंडळाची फेरी निघायची. उजाडायच्या आत गंगापूर रोडवर जमायचं, त्र्यंबकच्या रस्त्याने डोंगराकडे जायचं आणि दुसऱ्या वाटेने परत यायचं. प्रत्येक गाडीत चालवणारा एक आणि नकाशा बघून रस्ता सांगणारा एक. त्या वर्षी रस्ता सांगायची जागा जुईला मिळणार होती. तिने नकाशा जाड पुठ्ठ्यावर चिकटवला होता, पुठ्ठ्याला नाडी लावली होती आणि ते प्रकरण ती जेवतानासुद्धा गळ्यात घालून बसत असे. आमटीचा एक डाग गिरणारे गावाच्या जवळ पडला, तर तिने त्याला तळं म्हणून नाव दिलं.

आडवी आली तिची आई, अनघा. म्हणजे अच्युतची मुलगी. पुण्यात एका मोठ्या इस्पितळाचा औषधविभाग ती सांभाळत असे. जुईला दर हिवाळ्यात खोकला धरायचा, आणि एकदा धरला की रात्र रात्र झोपू द्यायचा नाही. त्यात निफाडकडून येणारी नाशिकची पहाटेची थंडी.

"बाबा, या गाडीतून तिला नेऊ नका," अनघा पहिल्याच दिवशी म्हणाली.

"हीटर बसवतो," अच्युत म्हणाला.

"बरं, बाबा."

मग तिने पर्समधून एक थर्मामीटर काढला. औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवतात तसला. तो तिने जुईच्या बाजूला, पाय ठेवतात तिथे, सुतळीने बांधला. "इथे पंचवीस अंश दिसले की जुई तुमची. नाही दिसले तर ती घरी बसून धिरडी खाईल."

"पंचवीस?" अच्युत म्हणाला. "अगं, माझ्या बैठकीच्या खोलीत पंचवीस नसतात!"

"म्हणून तर ती तिथे शाल घेऊन बसते," अनघा म्हणाली. अगदी हळू, हसून.

आमच्या घरात आवाज चढवायची पद्धतच नव्हती. अच्युतला राग आला की तो गॅरेजमध्ये जाऊन गाडी पुसायचा. गाडी फार चकचकीत असायची. अनघाला राग आला की ती 'बरं, बाबा' म्हणायची. शेजारपाजारचे लोक आपल्या मुलांना आमच्या घराचं उदाहरण द्यायचे. मी शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. गोंगाट करणाऱ्या वर्गाची मला कधी काळजी वाटली नाही. वर्ग फार शांत असला की मात्र मी वळून बघत असे.

हीटर अच्युतने मुंबईच्या जुन्या बाजारातून मागवला होता. जुन्या रेडिओएवढा लोखंडी डबा. त्याच्या पोटात छोटा रेडिएटर, पाठीमागे पंखा. इंजिनातलं तापलेलं पाणी दोन रबरी नळ्यांतून या डब्यात आणायचं, पंख्याने त्याच्यावरून हवा फुंकायची, की आत बसणाऱ्याच्या पायांना ऊब. कल्पना एवढीच. डबा डॅशबोर्डच्या खाली बसवून झाला तेव्हा अच्युतने नारळ फोडला. नारळाचं पाणी आणि डब्यातलं पाणी दोन्ही जुईच्या पायांवर पडलं.

नळीची क्लिप आवळली आणि गळती थांबली. मग पंखा सुरू केला.

"येतेय का हवा?" अच्युतने विचारलं.

"जातेय," जुई म्हणाली.

"जातेय म्हणजे?"

तिने कागदाचा कपटा डब्यासमोर धरला होता. तो फडफडत बाहेर यायच्या ऐवजी डब्याला जाऊन चिकटला होता.

"अच्युत, तुझा हीटर तिच्या पायांची ऊब ओढून इंजिनाला देतोय," मी म्हटलं. "थंडीत इंजिनाचेही हाल होत असतील."

"अक्का, तू जरा आत जाऊन बस ना."

मी कुठली जाते! मला अशा कामात बसायला फार आवडतं. मुलांना एखादी गोष्ट कळते तो क्षण चेहऱ्यावर दिसतो, आणि मोठ्यांना कळत नाही तोही. पंख्याच्या दोन तारा उलटसुलट केल्या, की झालं. तारा कुठल्या ते जुईनेच शोधलं. मी फक्त विचारलं होतं, "पंख्याला कसं कळतं, कुठल्या बाजूला फिरायचं?" ती डब्याखाली डोकं घालून अर्धा तास तारा चाचपत होती. मग आतूनच ओरडली, "त्याला नाही कळत! आपण सांगतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अनघा चहाचा कप घेऊन गॅरेजमध्ये आली. वाकून थर्मामीटर बघितला.

"सोळा. बरं, बाबा."

पण लगेच गेली नाही. चहा संपला तरी रिकामा कप हातात धरून डॅशबोर्डकडे बघत उभी राहिली. गाडीत मात्र बसली नाही. अनघा बारावीनंतर त्या गाडीत कधी बसलीच नव्हती. मळमळतं म्हणायची.

"सोळा का?" अच्युत मला म्हणाला. "डब्यातून तर ऊन हवा येतेय."

"जुईला विचार."

"तिला काय विचारायचं? ती लहान आहे."

"म्हणूनच. तिला अजून सगळं माहीत नाहीये."

जुईने देवघरातून उदबत्ती आणली. गॅरेजचा दरवाजा उघडून वारा आत घेतला आणि पेटती उदबत्ती गाडीत पायापाशी इकडून तिकडे फिरवली. धूर सरळ वर जायला हवा होता. पण पेडलपाशी तो आडवा झाला, गियरच्या दांड्यापाशी गिरकी घेऊन पळाला, दाराच्या फटीपाशी तर दिसेनासाच झाला. जिथे जिथे धूर पळाला तिथे तिथे तिने खडूने फुल्या केल्या. थोड्या वेळाने गाडीत फुल्याच फुल्या.

"ही राणी आहे की चाळण?" मी म्हटलं.

"टोपली म्हणायचं ठरलंय ना?" अच्युत म्हणाला. हरलेल्या माणसाच्या आवाजात.

मग भोकं बुजवायचं काम निघालं. सायकलची जुनी ट्यूब कापून पेडलभोवती रबराचे पडदे लावले. जुन्या घोंगडीचे तुकडे करून जमिनीवर अंथरले. दारांच्या कडांना पट्ट्या चिकटवल्या. अच्युतने तर कापडी छताला आतून जुनी सोलापुरी चादर शिवून घेतली. तिच्यावरचे मोर नेमके चालवणाऱ्याच्या डोक्यावर आले.

"अठरा," सकाळी अनघा म्हणाली. मोरांकडे बघून तिचा चेहरा जरा हलला, पण हसली नाही. "बरं, बाबा."

पुढे अच्युतने सगळ्या गावाला विचारलं. रंगनाथ मिस्त्री आले. टोपी मागे सारून म्हणाले, "पंखा लहान आहे, साहेब." मोठा पंखा लावला. त्याने जुईचा नकाशा गाडीबाहेर उडवला आणि पारा एक अंशाने खाली गेला. रेडिएटरवाला आला. म्हणाला, नळ्यांत हवा अडकली असेल. गाडीची पुढची चाकं विटांवर चढवून हवेचे बुडबुडे काढले. गाडी आरती घ्यायला उभी राहिल्यासारखी दिसत होती. पारा पुन्हा अठरावर. मग मंडळातल्या एकाला फोन, मग कोल्हापूरच्या दुसऱ्याला फोन. हॉलमध्ये उभा राहून तो मोठ्याने सांगत होता, "सगळं केलं हो, आता विचारायचं तरी कुणाला?" अनघा तिथेच सोफ्यावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. तिने एक घाटा जरा जास्तच जोरात सोलला. दाणा उडून फोनच्या टेबलाखाली गेला.

रविवार जवळ येत चालला. जुईने पुठ्ठा गळ्यात घालणं बंद केलं. तो तिने खुंटीला टांगून ठेवला, आणि हे मला आवडलं नाही.

शुक्रवारी दुपारी मी तिला गॅरेजमध्ये घेऊन गेले. अच्युत इंजिन सुरू ठेवून थर्मामीटरकडे असा बघत होता, जसं काही डोळ्यांच्या धाकाने पारा वर चढेल.

"जुई, पंखा कसा आहे?" मी विचारलं.

"चांगला. फार चांगला."

"भोकं?"

"बुजवली."

"नळ्या?"

"हवा काढली."

"मग विचारायचं कुणाला राहिलं?"

ती विचार करत बसली. अच्युतने तोंड उघडलं, तेव्हा मी हात वर करून त्याला थांबवलं. वर्गात करायचे तसा.

"पाण्याला," जुई म्हणाली.

"मग विचार की."

तिने इंजिनातून हीटरकडे जाणाऱ्या नळीला बोट लावलं. मग सगळा पंजा ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

"अक्काआजी, हात ठेवता येतोय."

"ठेवता येऊ नये का?"

"आमच्या गिझरच्या नळीला नाही ठेवता येत. चटका बसतो." ती बॉनेटच्या पलीकडे डोकावली. "आजोबा, गाडी इतका वेळ चालूये तरी इंजिनाचं पाणी गरम कसं नाही? आम्ही गिझरचा नळ पूर्ण सोडला ना, की पाणी थांबतच नाही, मग ते तापतच नाही. तसं होतंय का?"

"थांबेल कशाला?" अच्युत अभिमानाने म्हणाला. "थांबवणारी झडप मीच काढून टाकलीये!"

त्याला थर्मोस्टॅट म्हणायचं होतं. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेवर पितळेची एक छोटी झडप असते. पाणी पुरेसं तापेपर्यंत ती बंद असते, तापलं की उघडते आणि पाणी गार व्हायला पुढे सोडते. आपल्याकडे जुनी गाडी घेतली की पुष्कळ लोक पहिलं काम कुठलं करत, तर ही झडप उपटून टाकत. गाड्या थंड देशातल्या, आपल्याकडचं ऊन असं, झडप अडकली की गाडी उकळणार. त्यापेक्षा झडपच नको. पाणी सदा गार, माणूस निर्धास्त.

"ती काढली तेव्हापासून," अच्युत म्हणाला, "ही गाडी एकदा म्हणून उकळली नाहीये!"

"आणि तापलीपण नाहीये," जुई म्हणाली.

अच्युतने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. खिशातून फडकं काढलं आणि बॉनेटची कड पुसू लागला. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

"मग ती झडप परत बसवू या ना," जुई म्हणाली.

"ती आता कुठून आणायची? या गाडीची मिळत नाही. आणि माझी तर मी फेकून दिली. कसारा घाटात गाडी उकळली होती ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"फेकली नव्हतीत," दारातून आवाज आला. "कोपऱ्यात टाकली होतीत. मी उचलली."

अनघा पायरीवर उभी होती. या वेळी हातात कप नव्हता. ती आत गेली, आणि तिच्या जुन्या खोलीतल्या कपाटाचं दार करकरलेलं आम्हाला गॅरेजपर्यंत ऐकू आलं. परत आली ती शाळेची कंपासपेटी घेऊन. तिने ती माझ्यासमोर उघडली. कर्कटक, एक तुटका कोनमापक, आणि त्यांच्याखाली, कापसात गुंडाळलेली, पितळेची ती झडप.

"आठवते का, आत्या?" तिने मला विचारलं.

न आठवायला काय झालं? जुईएवढी होती अनघा. मुंबईला जाताना घाटात गाडी उकळली होती. वाफेचा लोट, मागे ट्रकांची रांग, ड्रायव्हर लोकांची शेरेबाजी. अच्युतला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि ही पोरगी बाटलीतून झऱ्याचं पाणी आण, झाकणावर ओलं फडकं टाक, अशी नाचत होती. अच्युतने झडप काढली, त्या दिवशी ती ही वस्तू मुठीत लपवून माझ्याकडे आली होती. तेव्हा मी तिला जे दाखवलं होतं, तेच आता दाखवायचं होतं. पण या वेळी मी नाही दाखवलं.

अनघाने स्वयंपाकघरात चहाचं पातेलं पाण्याने भरून गॅसवर ठेवलं. झडपेला दोरा बांधून ती पाण्यात सोडली. शेजारी माझा शाळेतला थर्मामीटर. जुई ओट्यावर चढून बसली. अच्युत दाराच्या चौकटीला टेकून उभा. आत येईना, बाहेरही जाईना.

"बघत राहा हं, जुई. आत मेण असतं. ते तापलं की फुगतं आणि झडपेला ढकलतं."

पाण्याला बारीक बुडबुडे आले. पारा सत्तरवर गेला. झडप बंदच होती. पंचाहत्तर. बंद.

"गंजली असेल," अच्युत म्हणाला. "इतकी वर्षं कपाटात पडून. जाऊ दे."

"थांबा जरा, बाबा."

"अगं, उगाच पोरीला आशा..."

"थांबा म्हटलं ना."

अच्युत थांबला. मीही श्वास धरला होता, कबूल करते. पातेल्यातलं पाणी आवाज करायला लागलं. पारा ऐंशीच्या पुढे सरकला, आणि झडपेच्या मधली चकती अगदी हळू, झोपेतून उठल्यासारखी, वर उचलली गेली.

"उघडली!" जुई इतक्या जोरात ओरडली की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

अनघाने गॅस बंद केला. अच्युत आता ओट्यापाशी आला होता. त्याने दोरा धरून झडप वर उचलली. ती गार होत परत मिटत चालली होती.

"बसवली," तो म्हणाला, "आणि रविवारी उकळली तर?"

"उकळली तर थांबायचं, बाबा. बाजूला घ्यायची, गार होऊ द्यायची, पाणी घालायचं आणि निघायचं. कसाऱ्याला आपण तेच केलं होतं."

"लोक हसत होते."

"मला मजा आली होती."

हळूहळू अच्युतच्या कपाळावर आठ्या पडल्या. "म्हणजे हीटर का चालत नाही, ते तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"नारळ फोडलात तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

अनघाने पातेलं मोरीत उपडं केलं. वाफ वर आली. "तुम्ही मिस्त्रींना विचारलंत. रेडिएटरवाल्याला विचारलंत. कोल्हापूरला फोन केलात."

अच्युतने फडक्यासाठी खिशात हात घातला. ते गॅरेजमध्येच राहिलं होतं. शेवटी तो म्हणाला, "बरं."

इतकंच. पण त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

झडप त्या संध्याकाळीच बसवली. अच्युतने पाना उचलला, नटाला लावला, मग काय वाटलं कोण जाणे, तो अनघापुढे धरला. तिने घेतला. नट सुटले, झाकण निघालं, झडप आपल्या जागी बसली. झाकणाखाली घालायला जाड कागद हवा होता. जुईने धावत जाऊन खुंटीवरचा पुठ्ठा आणला आणि त्याच्या मागच्या बाजूचा तुकडा कापून दिला. तिच्या मते हे मोठं दान होतं, आणि तिने तसं सांगितलंही. अनघाच्या बोटांना, गालाला, एका कानालाही काळं ग्रीस लागलं होतं. जेवायला बसेपर्यंत तिने ते पुसलं नाही. अच्युत ताटावरून तिच्या कानाकडे दोनदा बघताना मला दिसला.

शनिवारी पहाटे खरी परीक्षा. रविवारचा रस्ता, रविवारची थंडी. गवतावर दव नव्हतं, पांढुरकं काहीतरी होतं. अट अशी की पंचवीस झाल्याशिवाय जुईने बसायचं नाही. मग शेजारी बसून थर्मामीटर बघणार कोण?

"आत्या, तू जा," अनघा म्हणाली.

"मी त्या टोपलीत शिरले तर मला काढायला क्रेन लागेल. तूच जा."

"मला मळमळतं."

"मग आल्याचा तुकडा देते," मी म्हटलं आणि खरंच दिला.

ती बसली. अच्युतने चालवायला घेतली. दोघांच्या मध्ये वीतभरसुद्धा जागा नव्हती. तरी दोघांनी समोर बघण्याची अशी शिकस्त केली होती, की वाटावं, दोन अनोळखी माणसं दवाखान्यात बाकावर बसली आहेत. मोरांची चादर दोघांच्या डोक्यांवर. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि आवाज विरत गेला.

मी आणि जुई फाटकापाशी उभ्या राहिलो. ती माकडटोपीत, मी शालीत.

"अक्काआजी, पंचवीस होतील का?"

"तुला काय वाटतं?"

"तू कधीच सरळ उत्तर देत नाहीस."

"तुझ्या आजोबांना मी सरळ उत्तरं द्यायचे लहानपणी. बघ त्याचं काय झालं."

ती हसली. तोंडातून वाफ आली. उजाडायला लागलं. दूधवाला गेला, पेपरवाला गेला. गाडी येईना. एवढ्या वेळात ते त्र्यंबकहून परत यायला हवे होते. जुईने टोपी काढली, घातली, परत काढली. "उकळली असेल," ती म्हणाली. मी म्हटलं, "असेलही."

मग लांबून आवाज आला. पहिल्यांदा मला वाटलं इंजिन वेगळं वाजतंय. गाडी कोपऱ्यावर वळली आणि कळलं, इंजिन ठीक आहे. त्याच्या आवाजाच्याही वर दोन माणसं बोलत होती. बोलत कसली!

"...म्हणून तुला म्हटलं, मेकॅनिकलला जाऊ नकोस! कारखान्यात तेव्हा मुली होत्याच कुठे?"

"मी गेले असते तर एक तरी असती ना!"

"मग तेव्हा बोलायचं होतंस! 'बरं, बाबा' म्हणालीस!"

"दुसरं काय म्हणणार? औषधांचं शिक, एवढं सांगितलंस आणि गाडी पुसायला निघून गेलास! मी येऊन उभी होते गॅरेजच्या दारात, तू वळून तरी बघितलंस का?"

"मला वाटलं, तुला पटलं!"

"आणि मळमळ? मला बस लागत नाही, होडी लागत नाही, फक्त तुझी गाडी लागते? इतकी वर्षं तुला हे खरं वाटत होतं?"

"मला वाटलं, पेट्रोलचा वास..."

"पेट्रोलचा वास!"

लहानपणी अनघा बापाला अरे-तुरे करायची. ते कधी बंद झालं होतं, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गाडी फाटकातून आत आली आणि दाराशी थांबली. तेव्हा मी बघितलं, जाताना स्टिअरिंगमागे अच्युत होता, आता अनघा होती. पुढची काच आतून धुक्याने भरली होती. तिने तळव्याने पुसलेली एक गोल खिडकी तेवढी स्वच्छ होती. दोघांचेही चेहरे लालबुंद. अच्युतने मफलर, कोट, हातमोजे सगळं काढून मांडीवर घेतलं होतं. त्याचा आवाज मी त्याच्या मुंजीनंतर एवढा चढलेला ऐकला नव्हता.

"अक्काआजी," जुईने माझी शाल ओढली. "ते भांडताहेत."

"हो."

"आपल्या घरात कुणी भांडत नाही ना?"

"नव्हतं."

"थांबवू का?"

"नको," मी म्हटलं. "तापू दे."

पण जुई परीक्षेची मुलगी. तिला निकालाशिवाय चैन पडेना. तिने दाराचा कापडी पडदा उचलला, अच्युतच्या गुडघ्यांखालून हात आणि मागोमाग डोकं आत घातलं आणि सुतळीला बांधलेला थर्मामीटर उजेडाकडे वळवला.

"सत्तावीस!" ती ओरडली. "आई! सत्तावीस!"

"बरं, बाळा," अनघा तिच्याकडे न बघता म्हणाली, "आणि आता तू म्हणतोस की मी बोलायला हवं होतं! अरे, बोलायला समोरचा माणूस जागेवर तर पाहिजे!"

"आता आहे ना जागेवर? बोल! मी कुठे जाणार आहे? तूच चालवतेयस!"

जुई बाहेर आली. घरात धावत गेली आणि खुंटीवरचा, मागून कापलेला पुठ्ठा गळ्यात घालून परत माझ्याजवळ येऊन उभी राहिली. गाडीतली दोघं उतरायचं नाव घेत नव्हती. इंजिन सुरूच होतं. शेजारच्या खिडकीत कुणाचं तरी डोकं आलं आणि गेलं. पेट्रोल फुकट जळत होतं, चहा आत गार होत होता. मी काही गाडी बंद करा म्हटलं नाही.